रविवारचं सरकार

७ फेब्रुवारी २०१०, रविवार. काराकास शहराच्या जुन्या भागातला बोलिव्हार चौक. व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ चौकात उभे आहेत, शेजारी त्या भागाचे महापौर, समोर कॅमेरे, आणि सगळं देशभर थेट दिसतंय. चावेझ एका इमारतीकडे बोट दाखवून विचारतात, ही कसली इमारत? महापौर सांगतात, इथे खासगी जवाहिऱ्यांची दुकानं आहेत. ‘एक्सप्रोपियेसे!’ चावेझ म्हणतात. म्हणजे, ताब्यात घ्या. बोट पुढच्या इमारतीकडे सरकतं. आणि ती? तिथेही दुकानंच. ‘एक्सप्रोपियेसे!’ जमलेले लोक टाळ्या वाजवतात.

या प्रसंगाची चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेन, सांगता येणार नाही. दर वेळी तेवढाच थक्क होतो. आपल्याकडे रस्त्यासाठी कुणाची दोन गुंठे जमीन घ्यायची म्हटलं, तर अधिसूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते, निवाडा होतो, मग मोबदल्यावरून कोर्टकचेरी. वर्षं जातात. त्या वर्षांना आपण सगळेच कंटाळलेलो असतो. इथे एका माणसाने ती सगळी वर्षं एका बोटात आणि एका शब्दात गुंडाळून टाकली होती. कागद मागाहून तयार झाले असतील. निर्णय मात्र चौकातच झाला होता, आणि तो होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

‘सरकार चोर आहे’ म्हणत निवडून आलेला माणूस स्वतःच सरकार झाला, की पुढे काय करतो? हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. विरोधात असताना काम सोपं असतं. सत्तेवर बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, आणि लोकांचं दुःख खरं असतं म्हणून त्या शिव्यांना धार येते. पण सत्ता मिळाल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या? पूर्वी असा एक समज होता, की असे नेते एक तर वर्षा-दोन वर्षांत आपटतात, नाहीतर इतरांसारखेच फायलींवर सह्या करणारे सामान्य राज्यकर्ते होऊन जातात. चावेझ १९९९ मध्ये सत्तेवर आले आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्तेवर राहिले. आपटले नाहीत, आणि इतरांसारखेही झाले नाहीत. त्यांनी राज्य करण्याची एक निराळीच तऱ्हा शोधून काढली.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवू. मराठीत याला आपण ‘लोकानुनय’ म्हणतो, आणि लगेच फुकट वाटप, कर्जमाफी, खैरात असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण खैरात तर राजेरजवाडेही करत आणि हुकूमशहाही करतात. यान-वेर्नर म्युलर या जर्मन राज्यशास्त्रज्ञाने या नेत्यांची जी खूण सांगितली आहे, ती जास्त नेमकी वाटते. त्यांचा दावा असा असतो, की खरी जनता एकच आहे आणि तिचा आवाज फक्त मी आहे. बाकीचे एक तर विकलेले आहेत, नाहीतर फसलेले. जानेवारी २०१० मध्ये चावेझ भर सभेत म्हणाले होते, मी एक व्यक्ती नाही, मी जनता आहे. एकदा हे मान्य केलं, की पुढचं सगळं आपोआप येतं. जनता स्वतःच खुर्चीवर बसली असेल, तर तिला अडवणारं न्यायालय कोणाचं? तिच्याकडे हिशेब मागणारा कारकून कोण?

चावेझना लोकांनी का निवडलं, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. व्हेनेझुएला तेलावर तरंगणारा देश. १९५८ पासून दोन मोठे पक्ष आलटून पालटून राज्य करत होते. तेलाचा पैसा आला, गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, आणि काराकासभोवतीच्या डोंगरउतारांवर विटा आणि पत्र्यांच्या घरांचे थरावर थर चढत गेले. १९८९ च्या फेब्रुवारीत भाडेवाढीवरून दंगल पेटली, लष्कराने गोळ्या झाडल्या, शेकडो माणसं मेली. तीन वर्षांनी चावेझ नावाच्या लेफ्टनंट कर्नलने बंड केलं. ते फसलं. साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून त्याला टीव्हीवर दोन मिनिटं बोलू दिलं गेलं. आमची उद्दिष्टं साध्य झाली नाहीत, असं म्हणताना त्याने मध्ये दोन शब्द घातले, ‘पोर आओरा’, म्हणजे ‘तूर्तास’. त्या दोन शब्दांनी तो देशाच्या घराघरांत पोचला. टीव्ही काय करू शकतो, हे या माणसाला तेव्हापासून ठाऊक होतं. १९९८ च्या डिसेंबरात ५६ टक्के मतं घेऊन तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

आणि २३ मे १९९९ रोजी ‘आलो प्रेसिदेन्ते’ सुरू झालं. ‘हॅलो, राष्ट्राध्यक्ष!’ आधी रेडिओवर, मग टीव्हीवर. दर रविवारी, बहुधा सकाळी अकराला. संपायची वेळ ठरलेली नसे. चार तास, पाच तास, सहा तास. २००७ मध्ये एकदा तो आठ तासांहून जास्त चालला. एकूण ३७८ भाग झाले. आज एखाद्या शेतातून, पुढच्या रविवारी कारखान्यातून, त्याच्या पुढच्या रविवारी दवाखान्याच्या अंगणातून. टेबलावर नकाशे, पुस्तकं, कॉफी. समोर लाल शर्ट घातलेले मंत्री ओळीने बसलेले. चावेझ गाणी म्हणत, बालपणीचे किस्से सांगत, बोलिव्हारच्या लढाया नकाशावर समजावून देत, आणि मध्येच एखाद्या मंत्र्याला नावाने हाक मारून विचारत, त्या पुलाचं काय झालं? मंत्र्याला उत्तर आलं नाही, तर त्याची फजिती सगळा देश पाहत असे.

लोक फोन करत. शाळेचं छप्पर गळतं. आईचं ऑपरेशन रखडलंय. पेन्शन मिळत नाही. राष्ट्राध्यक्ष तिथल्या तिथे हुकूम देत. ते कुठेही गेले, की लोक हातात चिठ्ठ्या कोंबत, ‘पापेलीतोस’, चिमुकले कागद. ज्याला आयुष्यभर खिडकीवरचा कारकून ‘उद्या या’ म्हणत आला, त्याच्या चिठ्ठीला देशाचा प्रमुख हात लावतोय! मायबाप सरकार हा शब्द आपण अर्जाच्या शेवटी लिहून लिहून झिजवून टाकला आहे. तिथे मायबाप खरोखर समोर येऊन बसले होते, आणि नावाने हाक मारत होते. या ओढीला ज्यांनी मूर्खपणा म्हटलं, त्यांना ती कधी कळलीच नाही.

सरकार म्हटलं की आपल्या मनात फाइल येते. फाइल सरकली, फाइल अडली, वरून सही आली नाही. मंत्रालयाच्या भाषेत तिला नस्ती म्हणतात. लोकनेत्याचं पहिलं वैर तिच्याशीच असतं, कारण ती त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभी असते. चावेझच्या राज्यात रविवारचा कार्यक्रम हीच फाइल झाली होती. मंत्रिमंडळाची बैठक, अर्थसंकल्प, बदल्या, बडतर्फ्या, परराष्ट्र धोरण, सगळं तिथेच. मार्च २००८ मध्ये कोलंबियाच्या सैन्याने एक्वाडोरच्या हद्दीत घुसून गनिमांच्या तळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. चावेझनी कार्यक्रमातच संरक्षणमंत्र्यांकडे पाहून सांगितलं, मला कोलंबियाच्या सीमेवर दहा बटालियन हलवून द्या. जणू चहा सांगावा तसं. आठवड्याच्या आत शिखर परिषदेत हस्तांदोलन झालं आणि ते युद्ध टळलं.

पण सगळ्यात लांबवर परिणाम झाला तो एका शिट्टीचा.

पेदेवेसा ही व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी. देशाच्या परकीय चलनाचा जवळजवळ सगळा झरा तिच्यातून वाहत असे. तिथले अभियंते, व्यवस्थापक स्वतःला राजकारणाच्या वरचे समजत, आणि कंपनी म्हणजे राज्याच्या पोटातलं दुसरं राज्य, अशी तक्रार चावेझच नव्हे तर आधीचे पुढारीही करत. ७ एप्रिल २००२ च्या रविवारी चावेझ खिशात पंचाची शिट्टी घेऊनच बसले. कंपनीच्या सात वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावं त्यांनी एकेक करून वाचली. आभार, आणि शिट्टी. ऑफसाइड! बाहेर! प्रेक्षकांत हशा आणि टाळ्या. चार दिवसांनी राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला, गोळीबारात माणसं मेली, लष्कराच्या एका गटाने चावेझना उचलून नेलं, आणि जेमतेम दोन दिवसांत डोंगरवस्त्यांमधली माणसं खाली उतरल्यावर आणि निष्ठावंत सैनिक उलटल्यावर ते परत आले. डिसेंबरात तेल कंपनीचा संप झाला. तो मोडल्यावर सुमारे १८,००० लोकांना काढून टाकण्यात आलं, म्हणजे कंपनीचं जवळपास निम्मं मनुष्यबळ.

आणि आता ऐका. जानेवारी २००४ मध्ये चावेझनी संसदेत उभं राहून सांगितलं, की ती शिट्टी वाजवली तेव्हा पेचप्रसंग मीच ओढवून घेत होतो. तो हवाच होता.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सामान्य राज्यकर्ता पेचप्रसंग टाळतो, कारण त्यात खुर्ची डळमळते. अशा नेत्याला पेचप्रसंग लागतोच, कारण त्याशिवाय शत्रू कोण हे लोकांना दिसत नाही. ‘सत्तेत आल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं काढलं होतं. शत्रू संपू द्यायचाच नाही. तेल कंपनी वठणीवर आली की वाहिन्या, वाहिन्या झाल्या की न्यायाधीश, मग दुकानदार, मग अमेरिका. निवडणुकीचा प्रचार निकालानंतरही थांबत नाही. प्रचार हीच कारभाराची पद्धत होऊन बसते.

संपानंतर तेलाचे भाव चढायला लागले. १९९८ च्या अखेरीस पिंपाला दहा डॉलरच्या आसपास असलेलं तेल २००८ च्या जुलैत १४० च्या वर गेलं. चावेझच्या हाती आधीच्या कुणाच्याही हाती नव्हता एवढा पैसा आला, आणि त्यातून ‘मिसियोनेस’ उभ्या राहिल्या, मोहिमा. यातली ‘बार्रियो आदेन्त्रो’ मला फार मोलाची वाटते. वस्तीच्या आत. ज्या डोंगरउतारावर व्हेनेझुएलाचे डॉक्टर पाय ठेवत नसत, तिथे २००३ पासून क्यूबाचे डॉक्टर राहायला आले. लाल विटांचे अष्टकोनी दवाखाने बांधले गेले, खाली तपासणीची खोली, वर डॉक्टरांचं घर. रात्री ताप चढलेलं पोर घेऊन आई चार पायऱ्या चढून जाऊ शकत होती. बदल्यात क्यूबाला तेल जात असे. दुसऱ्या एका मोहिमेत म्हातारी माणसं पहिल्यांदा स्वतःची सही शिकली. दारिद्र्यही त्या वर्षांत झपाट्याने घटलं. हे खोटं नव्हतं, आणि ते पुसून टाकून या राज्याची गोष्ट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

पण मोहिमा चालत कशा? आरोग्य खात्याला वळसा घालून. शिक्षण खात्याला वळसा घालून. पुष्कळदा पैसा थेट तेल कंपनीतून. जुनी सरकारी रुग्णालयं तशीच खंगत राहिली, आणि शेजारी नवे अष्टकोन उभे राहिले. खातं सुधारायला दहा वर्षं लागतात आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. मोहीम सहा महिन्यांत दिसते, आणि ती कुणी दिली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पैशाची तऱ्हाही तीच. २००३ च्या अखेरीस चावेझनी मध्यवर्ती बँकेकडे शेतीसाठी ‘उन मियार्दितो’ मागितले. मियार्दो म्हणजे अब्ज, आणि ‘इतो’ हा लाडाचा प्रत्यय, आपल्याकडे सोन्याचं सोनुलं होतं तसा. एक अब्ज डॉलर, लाडाने. एक अब्जुलं! परकीय चलनाच्या गंगाजळीतून अब्जुलं काढता येत नाही असा बँकेचा कायदा होता. २००५ मध्ये कायदाच बदलला. गंगाजळीतला ‘जादा’ पैसा फोन्देन नावाच्या एका नव्या निधीत जाऊ लागला, आणि तेल कंपनीही त्यात भर घालू लागली. हा निधी अर्थसंकल्पाच्या बाहेर होता. संसदेत त्यावर चर्चा होत नसे. सात वर्षांत त्यातून शंभर अब्ज डॉलरच्या वर पैसा गेला. त्याआधी, तेलाचे भाव पडतील त्या दिवसांसाठी वेगळी शिल्लक ठेवणारा एक निधी होता. २००१ मध्ये त्यात सुमारे सात अब्ज डॉलर होते. पुढे तो कोरडा पडला आणि पुन्हा कधी भरला नाही.

मला सगळ्यात अचंबा वाटतो तो इथे. जगातलं बहुधा सगळ्यात जास्त दिसणारं सरकार होतं हे. राष्ट्राध्यक्ष कॉफी कितव्यांदा घेतात हेसुद्धा लोकांना दिसत होतं. मंत्र्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. आणि शंभर अब्जांचा हिशेब मात्र कुठेच दिसत नव्हता. दाखवणं आणि हिशेब देणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या किती लांबलांबच्या आहेत, हे मला व्हेनेझुएलाने शिकवलं.

फाइलीचं एक काम आपण विसरतो. ती वरून खाली हुकूम नेते तशी खालून वर वाईट बातमी नेते. साठा सडतोय. यंत्र बंद आहे. माणूस कमी आहे. हे कुणीतरी कागदावर लिहितो, कुणीतरी वाचतो, आणि नंतर ‘मला सांगितलं नव्हतं’ असं म्हणता येत नाही. ज्या राज्यात मंत्र्याची बैठक म्हणजे टीव्हीचा कार्यक्रम, तिथे वाईट बातमी कोण सांगणार? २००८ मध्ये बाजारात दूध, साखर मिळेना, तेव्हा तेल कंपनीच्याच पोटी अन्नधान्य विकणारी पेदेवाल नावाची कंपनी काढली गेली. तिने परदेशांतून भराभर माल मागवला. २०१० मध्ये पुएर्तो काबेयो बंदरात हजारो टन सडलेलं अन्न सापडलं. कंटेनरच्या कंटेनर, बंद, उन्हात उभे, आत मांस आणि दूधपावडर. स्पॅनिशमध्ये ‘पुद्रिर’ म्हणजे सडणं. लोकांनी कंपनीचं नाव पुद्रेवाल करून टाकलं. तेल उपसणाऱ्यांना दूध वाटायला सांगितलं होतं, आणि दूध बंदरातून गावात न्यायला लागणारी मधली सगळी साखळी, वखार, ट्रक, नोंदवह्या, हे कुणाच्याच रविवारच्या गप्पांत येत नव्हतं.

त्याच वर्षी चावेझनी ट्विटरवर खातं उघडलं. चिठ्ठ्या आता तिथे कोसळू लागल्या. काही दिवसांतच त्यांनी जाहीर केलं, की या विनंत्या हाताळायला दोनशे माणसं नेमली आहेत. म्हणजे खिडकीमागचा कारकून पुन्हा आलाच की! फक्त आता त्याच्यापाशी ना नियमांचं पुस्तक होतं, ना आवक-जावक क्रमांक. कुणाची चिठ्ठी उचलायची आणि कुणाची नाही, हे कशावरून ठरणार?

हा प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. २००३-०४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना परत बोलावण्यासाठी सार्वमत घ्यावं म्हणून लाखो लोकांनी सह्या केल्या. तसा अधिकार चावेझच्याच नव्या राज्यघटनेने दिला होता, ती निळी चिमुकली प्रत ते सभेत खिशातून काढून दाखवत. सह्यांची यादी निवडणूक मंडळाकडून मागवण्यात आली आणि लुईस तास्कोन या खासदाराने ती इंटरनेटवर टाकली. ओळखपत्राचा क्रमांक टाका, सही केली होती की नाही ते दिसे. सरकारी नोकरी, कंत्राट, पासपोर्ट, सगळीकडे ही यादी पाहिली जाऊ लागली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा सही करणाऱ्यांची कमाई सुमारे पाच टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २००५ मध्ये चावेझ म्हणाले, आता ती यादी पुरून टाका. पण एकदा घराघरांत पोचलेली यादी पुरायची कुठे? ‘जनता एकच’ या वाक्यातून कोण वगळलं जातं, त्याची नावनिशीवार नोंद आता तयार होती.

न्यायालयांचं थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या वीस जागांच्या बत्तीस केल्या, आणि बारा नवे न्यायाधीश आले.  २००९ च्या डिसेंबरात मारिया लूर्देस आफ्यूनी या न्यायाधीश बाईंनी, खटला न चालवता जवळजवळ तीन वर्षं डांबून ठेवलेल्या एका बँकरला जामिनावर सोडलं. कायद्याची मुदत दोन वर्षांची होती. बाईंना त्याच दिवशी अटक झाली. दुसऱ्या दिवशी चावेझ टीव्हीवर म्हणाले, हिला तीस वर्षांची शिक्षा झाली पाहिजे. त्यानंतर दुसऱ्या कोणत्या न्यायाधीशाला सांगायची गरज उरली असेल? एक प्रक्षेपण पुरलं.

आणि तरीही निवडणुका होत राहिल्या. हे विसरता येत नाही. चावेझ निवडणुकांना घाबरत नव्हते, त्या त्यांना हव्याच असत, कारण ‘मी जनता आहे’ या दाव्याला दर वर्षा-दोन वर्षांनी नवी पावती लागते. मतमोजणीत ते बहुतेक वेळा खरोखर जिंकले. २००७ च्या डिसेंबरात, कितीही वेळा निवडणूक लढवता यावी यासाठीचं सार्वमत ते थोडक्यात हरले आणि त्यांनी हार मान्यही केली. चौदा महिन्यांनी तोच मुद्दा पुन्हा मतदानाला टाकला आणि जिंकला. विरोधकांना जिंकता येत होतं, पण जिंकलेली वस्तू हातात टिकत नसे. २००८ मध्ये काराकास महानगराचा महापौर विरोधी पक्षाचा निवडून आला. काही महिन्यांत राजधानीचा एक नवा जिल्हा कायद्याने निर्माण झाला, त्यावर राष्ट्राध्यक्षांनी आपला माणूस नेमला, आणि महापौरांचा पैसा, अधिकार, इमारती तिकडे वर्ग झाल्या. महापौरपद राहिलं, महापालिका नाहीशी झाली. पेटी फोडायची गरजच नव्हती.

हे एकट्या चावेझचं वैशिष्ट्य म्हणून सोडून देता येत नाही. एक्वाडोरचे राफाएल कोर्रेआ दर शनिवारी तासन् तास बोलत. थायलंडचे थाक्सिन शनिवारी रेडिओवर येत. मेक्सिकोचे लोपेझ ओब्राडोर यांनी तर २०१८ पासून सहा वर्षं सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी सातची पत्रकार परिषद चालवली. विचारसरणी वेगवेगळ्या, देश वेगवेगळे, पण रोजच्या किंवा आठवड्याच्या भेटीचा नेम तोच. मधली माणसं नकोत, मी थेट येतो.

राष्ट्राच्या खुणांवर आणि काळावरही चावेझचा हात फिरला. २००६ मध्ये राष्ट्रध्वजावर आठवा तारा आला. राजमुद्रेवरचा पांढरा घोडा मागे वळून उजवीकडे धावत असे. तो असा मागे का बघतो, असं धाकट्या मुलीने विचारल्याचं चावेझनी सांगितलं, आणि घोडा डावीकडे, समोर बघत धावू लागला. डिसेंबर २००७ मध्ये देशाची घड्याळं अर्धा तास मागे घेतली, शाळेत जाणाऱ्या मुलांना अंधारात उठायला लागू नये म्हणून. अर्ध्या तासाचं ते घड्याळ जगाला विचित्र वाटलं. आपल्याला वाटू नये, आपलंही अर्ध्या तासाचंच आहे. त्या दिवसापासून पुणे आणि काराकास यांच्यात बरोबर दहा तासांचं अंतर झालं. तिथे सकाळी अकराला ‘आलो प्रेसिदेन्ते’ सुरू व्हायचं, तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजलेले असायचे.

कार्यक्रमाचा शेवटचा भाग जानेवारी २०१२ मध्ये झाला. चावेझना कर्करोग झाला होता. ऑक्टोबरात ते पुन्हा निवडून आले, डिसेंबरात टीव्हीवरूनच त्यांनी निकोलास मादुरो यांना वारस नेमलं, आणि ५ मार्च २०१३ ला ते गेले. गेलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवता येतो. पण इथे खातं, बँक, न्यायालय, महापालिका, कंपनी, सगळ्यांच्या जागी एकच आवाज बसला होता, आणि तो आवाज कुणाला वारशाने मिळणार नव्हता. पुढल्या वर्षी तेलाचे भाव कोसळले. शिल्लक नव्हती. १९९८ मध्ये दिवसाला तीस लाख पिंपांच्या वर तेल काढणारी कंपनी २०२० च्या मध्यात चार लाखांच्या आसपास आली. क्यूबाचे डॉक्टर परतू लागले आणि पुष्कळ अष्टकोनांना कुलपं लागली. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. त्यांत वस्तीतल्या त्या आयाही असतील, ती पोरंही.

२०१६ च्या वसंतात पाऊस नव्हता. देशाला बहुतांश वीज पुरवणाऱ्या गुरी धरणाचं पाणी तळाला गेलं. एप्रिलच्या अखेरीस आदेश निघाला, की सरकारी कचेऱ्या आठवड्यातून दोनच दिवस उघडतील, सोमवारी आणि मंगळवारी. आणि १ मेच्या पहाटे अडीच वाजता, संध्याकाळचे दिवे अर्धा तास उशिरा लावता यावेत म्हणून, चावेझनी मागे घेतलेली घड्याळं पुन्हा पुढे केली. पहाटेचे तीन वाजले. तेव्हापासून पुण्याच्या आणि काराकासच्या घड्याळात पुन्हा साडेनऊ तासांचं अंतर आहे.